आनातोल पेरीनच्या नावाची पाटी

बुधवारी सकाळी पावणेआठ वाजता जिस्लेन पेरीन कामावर आली, तेव्हा तिच्या टेबलावर, सुया ठेवायच्या बशीत, पालीच्या लेंड्या होत्या. वरून पडलेल्या नव्हत्या, कोणीतरी ठेवलेल्या होत्या. चमच्याने गोळा केल्यासारखा नीट ढीग, आणि शेजारी काड्यापेटीत चार मेलेल्या माश्या.

"हे कोणाचं काम?" तिने विचारलं.

समोरच्या टेबलावर बिंदुमती दातांत दोरा धरून गाठ ओढत होती. गाठ बसल्यावर तिने दोरा सोडला. "आपल्या मालकांचं, मिस्ये दिदिएचं. गोदामाच्या आढ्यावरून काढून आणल्यात. गलबताच्या पोटात टाकायच्यात म्हणे. शंभर वर्षांचं दिसायला."

"माझ्या बशीत?"

"मी म्हटलं, तांतीनची बशी घेऊ नका. तर म्हणाले, धुऊन टाका नंतर."

जिस्लेनने बशी दोन बोटांनी उचलली आणि लेंड्यांसकट कचऱ्यात टाकली. मग मोरीवर जाऊन हात धुतले. पुसले, वास घेतला, पुन्हा धुतले.

बेटावरच्या क्युर्पिप गावातल्या त्या कारखान्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. तिथे जुन्या शिडाच्या गलबतांच्या प्रतिकृती होत, हातभर लांबीच्या. मोठ्या असतील तर दोन हात. लाकूडकाम पुरुषांचं. फळ्या वाकवणं, तोफा बसवणं, तासणं, सगळं ते खालच्या खोलीत करत. दोरबांधणी बायकांची, वरच्या खोलीत, जिथे उजेड बरा होता. नुसत्या डोलकाठीवर चढायच्या दोरशिड्या म्हटल्या तरी एका गलबताला नऊशेच्या वर गाठी. प्रत्येक गाठ सुईच्या टोकाने, मेण लावलेल्या दोऱ्याची. डिंकाच्या थेंबाने भागवणाऱ्या पोरींना जिस्लेन दुसऱ्यांदा सांगत नसे; त्यांचा दोरा कापून टाकत असे.

ती जेवायच्या आधी, जेवल्यावर आणि शिडांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुई. टेबलाजवळ कोणाला दालपुरी सोडू देत नसे. तेलकट कागद व्हरांड्यात. क्युर्पिपच्या हवेत थंडीत हात फुटत, तरी हाताला तिने कधी मलम लावलं नाही, कापडावर डाग पडतो म्हणून. पोरी तिला तोंडावर तांतीन, म्हणजे मावशी, म्हणत आणि मागून जोगीण. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती.

शिडाचं नवं कापड फार पांढरं दिसतं. म्हणून ते एकदा पातळ चहातून काढायची त्यांची जुनी रीत होती. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. गलबत आज बांधलेलं आहे हे कोणी लपवत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी म्हातारे मालक मिस्ये लेओनेल गेले आणि कारखाना जावयाच्या हातात आला. दिदिए याआधी पोहण्याच्या तलावांच्या फरश्या विकायचा. त्याला नवं गलबत विकण्यापेक्षा जुनं सापडलेलं विकणं बरं वाटू लागलं.

मग मोरीजवळ एक बादली आली. तिच्यात वापरलेली चहापत्ती नऊ दिवस कुजत पडे. वर साय धरल्यासारखा करडा थर, त्याखाली शिडं. काढली की त्यांना ओल्या कुत्र्याचा वास येई. लाकडाला बुटाचं पॉलिश, दोरांवर कॉफीचा गाळ, आणि घर झाडायच्या यंत्राची पिशवी उलटी करून त्यातली धूळ डिंकावर फुंकायची. त्या धुळीत कोणाचे केस असत, कोणाची नखं. हे सगळं करायला खालचे दोन पुरुष होते. जिस्लेनला त्यात हात घालावा लागला नव्हता. पण आता ज्या गलबताची पाळी आली ते 'ला क्लेमांस' होतं, तीन डोलकाठ्यांचं फ्रेंच युद्धगलबत, आणि त्याची प्रत्येक गाठ तिची होती. चार महिने लागले होते. तिने ते सोमवारी स्वच्छ खाली पाठवलं आणि गुरुवारी ते मळून वर परत आलं. एका शिडाला सिगरेटने भोक पाडलेलं. दोरशिडीवर कोळ्याचं जाळं, तेही डिंकाने चिकटवलेलं. वरून झाकणाच्या फटीतून आत लेंड्या दिसत होत्या. त्यांनी दुसऱ्या बशीत गोळा केल्या असाव्यात.

"गाठी मात्र अजून सरळ आहेत हो," बिंदुमती म्हणाली. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाली.

"प्रेताचे केस विंचरल्यासारख्या," जिस्लेन म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं तर ती गप्प राहिली असती. तिने आयुष्यात बरंच काही गप्प राहून गिळलं होतं. पण शुक्रवारी दुपारी खोदकाम करणाऱ्याकडून पाटी आली. बोटभर लांब, पितळी, मुद्दाम काळवंडवलेली. दिदिएने ती गलबताच्या बैठकीवर दोन बारीक स्क्रूंनी लावली आणि तो चष्मा शोधायला गेला. तेवढ्यात जिस्लेनने वाचलं.

'आनातोल पेरीन, खलाशी, माहेबूर. स्वहस्ते बांधले. १८९८.'

आनातोल पेरीन हे तिचे आजोबा.

तिला पंधरा दिवसांपूर्वीची दुपार आठवली. दिदिए चिनी बेकरीतला केक घेऊन वर आला होता. तिच्याच टेबलाशी स्टूल ओढून बसला. तांतीन, तुम्ही मूळच्या कुठल्या, घरचे काय करायचे, आजोबांचं नाव काय. दोन वर्षांत त्याने पहिल्यांदाच तिला गलबताखेरीज काही विचारलं होतं. तिने सांगितलं. आजोबा माहेबूरचे कोळी. बांबूचे मासे धरायचे सापळे विणायचे, पहाटे होडीने खडकापर्यंत जाऊन टाकायचे. तिच्या जन्माआधीच वारले. ती सांगत गेली, केकचा दुसरा तुकडाही घेतला, आणि त्या दिवशी बसमधून घरी जाताना तिला बरं वाटत होतं. आता पाटीपुढे उभं राहून तिला लेंड्यांचीही एवढी किळस आली नाही, जेवढी त्या दिवशीच्या स्वतःच्या आनंदाची आली.

दिदिए चष्मा घालून परत आला. "वाचलंत? तुमच्या घराण्याचं नाव झालं, तांतीन."

"आजोबा खलाशी नव्हते."

"समुद्रावर जायचे ना?"

"होडीतून. खडकापर्यंत."

"मग झालं की. पाटीवर खडक कुठे मावणार?"

"त्यांनी गलबत बांधलं नाही. ते मी बांधलंय. आणि घाण तुम्ही केलीत."

दिदिए चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. तेच तिला त्याचं सगळ्यात ओंगळ वाटे. तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या शेजारच्या रेयुनियों बेटावरचे डॉक्टर हे विकत घ्यायला येतील. तुम्हाला काही बोलायचं नाही. चांगले कपडे घाला, खुर्चीवर बसा. त्यांनी विचारलं, आजोबांचं का, तर मान हलवा. एवढंच."

"आणि नाही हलवली?"

"नाही हलवली तर नाही हलवली. मादागास्करमध्ये दोर बांधणाऱ्या पोरी मिळतात. त्या हलवतात."

संध्याकाळी बसच्या रांगेत धुकं उतरलं होतं. बिंदुमती छत्री तिच्या डोक्यावर धरून म्हणाली, "एकदा हलवा हो मान. मोडत नाही. मी सासूसमोर सव्वीस वर्षं हलवतेय."

"तुझी सासू जिवंत आहे. तिला काही पटलं नाही तर ती बोलते."

"बोलते का? रस्त्यापर्यंत ऐकू जातं."

"आजोबांना बोलता येत नाही," जिस्लेन म्हणाली. "म्हणून तर त्यांचं नाव घेतलंय. माझं का नाही घेतलं? मी आहे इथे. मी गाठी मारल्यात."

बिंदुमतीने छत्री जरा जास्त जिस्लेनकडे कलती केली आणि स्वतःचा खांदा भिजू दिला.

शनिवारी डॉक्टर मोरां साडेअकराला आले. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, अत्तराचा वास खोलीभर. जिस्लेन रोजच्या कपड्यांत बसली होती, वर कामाचा एप्रन. दिदिएने तिच्याकडे बघून ओठ आवळले, पण ओळख करून दिली. "आनातोल पेरीन यांची नात."

डॉक्टर गलबतावर वाकले. भिंग काढलं. जळकं भोक पाहिलं, जाळं पाहिलं, फटीतून आत डोकावले. "शंभर वर्षांत पालींनी बरंच काही केलंय," ते म्हणाले आणि खूश होऊन हसले. मग जिस्लेनकडे वळले. "तुमच्या आजोबांनी बांधलं हे?"

तिने मान हलवली नाही. उठली, टेबलावरची लांब सुई घेतली आणि गलबताच्या मागच्या डोलकाठीकडे टोक नेलं.

"हा दोर बघा. आडव्या दांड्यापासून निघतो आणि सरळ या कठड्याच्या तिसऱ्या खुंटीला बांधलाय. खरा तो आधी एका कप्पीतून जायला हवा. कप्पी नाही. असं बांधलं तर शीड फिरणारच नाही."

"तांतीन," दिदिए म्हणाला.

"पॅरिसच्या संग्रहालयातून नकाशाची प्रत आली त्र्याहत्तर साली. घडी घालून आली होती. घडीवर शाई झिजली आणि कप्पी गेली. तेव्हाच्या मुख्य बाई मादाम ओदील, त्यांनी आम्हाला कप्पीशिवाय शिकवलं. पुढे सें-मालो बंदरातला एक निवृत्त फ्रेंच खलाशी आला, तो म्हणाला, हे गलबत फक्त नाकासमोर जाईल. आमचे जुने मालक म्हणाले, टेबलावर त्याला वळायचंय कुठे? मग तसंच राहिलं. बेटावरच्या बाकीच्या कारखान्यांनी आमचंच बघून उचललं. एकतीस वर्षं मी हा दोर चुकीच्या खुंटीला बांधतेय. अठराशे अठ्ठ्याण्णवमध्ये माहेबूरच्या कोळ्याला आमची घडी कुठून मिळणार?"

तिने सुई खाली ठेवली. ती वाट बघत होती. डॉक्टर लाल होतील, दिदिएवर ओरडतील, दार आपटून जातील. तिने रात्रभर हे असंच घडताना पाहिलं होतं. नोकरी जाईल हेही धरून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी भिंग खिशात घातलं. "मादाम, आमच्या सें-देनी शहरात माझ्या ओळखीच्या तीन घरांत ही गलबतं आहेत. तिन्हींना कप्पी नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, दारातूनच दिसलं. गलबत सुरेख आहे, मळवलंयही छान. माझ्याकडे जेवायला लोक येतात, त्यांना सांगायला एक गोष्ट हवी असते. म्हातारा खलाशी, कंदिलाचा उजेड, नातीने जपून ठेवलेलं. ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्यांना कळतं, तरी ते ऐकतात. यात कोणाचं काय जातं?"

दिदिएने इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला आणि तोही हसला.

जिस्लेन दोघांकडे पाहत राहिली. तिला वाटलं होतं, एक फसवणारा असेल आणि एक फसणारा. फसणाऱ्याला सांगायचं म्हणून ती आली होती. इथे दोघं एकाच ताटात जेवत होते, आणि ताटात तिचे आजोबा होते. तिच्या तोंडात बादलीतल्या पाण्याची चव आली.

"गोष्ट तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "नाव मी नेते."

चिमट्याशेजारचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन ती बैठकीपुढे वाकली. पहिला स्क्रू घट्ट होता. डॉक्टरांनी अडवलं नाही. दिदिएने तर गलबत हलू नये म्हणून बैठक दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मग नावाचं काय?" त्याने वरूनच डॉक्टरांना विचारलं.

"कुठलंही चालेल," डॉक्टर म्हणाले. "माहेबूरचं असलं म्हणजे झालं."

दुसरा स्क्रू निघाला. हवं होतं ते तिला मिळालं होतं, न भांडता, आणि तेही कुठलंही नाव चालत होतं म्हणून. ती पाटी मुठीत घेऊन खाली गेली.

शनिवारी पुरुष बाराला जात. खालची खोली रिकामी होती, जमिनीवर लाकडाचा भुसा. तिने पाटी शिकंज्यात पकडली, भिंतीवरची कानस काढली आणि घासायला लागली. साल लवकर गेलं. मग 'स्वहस्ते बांधले' गेलं. 'खलाशी' हा शब्द तिने सगळ्यात जोरात घासला. खाली पितळ पिवळंधमक निघालं, काळा रंग नुसता वरचा होता.

बिंदुमती पर्स खांद्याला लावून दारात आली. तिने शिकंज्यात वाकून वाचलं. "आनातोल पेरीन, माहेबूर. आता राहू द्या की, तांतीन. एवढं तर खरं आहे."

"खरं आहे म्हणून तर."

"घरी लावा. मरियम मातेच्या तसबिरीखाली."

"त्यांनी कशावर नाव घातलं नाही कधी. बाबा सांगायचे, सापळ्याच्या तोंडाची वीण बघून लोक म्हणायचे, हा आनातोलचा. समुद्रात वाहून गेलेला सापळा चार गावं सोडून मिळाला तरी कोणीतरी आणून द्यायचं." तिने कानस पुन्हा टेकवली. "ही पाटी त्या लेंड्यांवर लागली होती. मी घरात नाही नेणार."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी माझा चिमटा तू घे. तुझ्याकडचा वाकडा झालाय. बाकी सगळं त्यांचं आहे."

बिंदुमती सुताराच्या बाकावर बसली आणि भुशात पाय हलवत राहिली. खोदकाम करणाऱ्याने नाव सगळ्यात खोल कोरलं होतं. दीडची बस गेली, दोनची गेली. पितळेचा चुरा जिस्लेनच्या एप्रनवर, बाहीवर आणि नखांत बसला. अडीच वाजता तिने अंगठा पाटीवरून फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही. तिने शिकंजा सैल केला, ती गुळगुळीत पट्टी भंगाराच्या डब्यात टाकली आणि हात धुवायला मोरीवर गेली.