ओठ कुणाचे, श्वास अनुसयाताईंचा

अनुसयाताई मोहिते यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माहीमच्या किनाऱ्यावर, छत्रीखाली बसलेल्या. कोळीगीताच्या व्हिडिओचं शूटिंग होतं, स्पीकर लावायचं काम माझं. होडीत एक गोरी, कोवळी मुलगी ओठ हलवत होती. गाणं स्पीकरमधून वाजत होतं. ‘कट’ झालं की छत्रीखालच्या बाई उठून तिच्याकडे जायच्या. “बाळा, ओळ उचलायच्या आधी श्वास घे. नुसतं तोंड उघडू नकोस. लोक फसत नाहीत गं.” त्या बोलल्या आणि मी ओळखलं, स्पीकरमधला आवाज यांचाच.

पुढे वर्षानुवर्षं हेच. कोळीगीत म्हटलं की होडी, टोपली, रांगेत नाचणाऱ्या पोरी आणि मध्ये एक देखणी. भजनाच्या व्हिडिओत बुवा स्वतः दिसतात, भीमगीतात गायक कोट घालून उभा राहतो. कोळीगीतात मात्र गाणारी बाई छत्रीखाली. ताईंचा आवाज घरोघरच्या हळदीत वाजला, चेहरा परळच्या त्यांच्या चाळीबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्यावरून त्या कधी भांडल्या नाहीत. एका गोष्टीवर मात्र ठाम. गाण्यातले श्वास आम्ही रेकॉर्डिंगवाले सफाईने कापून टाकतो. मी लालबागला स्वतःचा स्टुडिओ काढला तेव्हा पहिलं गाणं ताईंनीच गायलं, आणि दारातून वळून म्हणाल्या, “श्वास ठेव हां. तेवढीच माझी सही असते त्यात.”

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ताई स्टुडिओत आल्या. “आवाज जायच्या आधी एका गाण्यात तोंडही माझंच दिसू दे रे.” समोर बसलेले निर्माते म्हणाले, “ताई, कोळीगीतात म्हातारी मासे विकताना चालते, गाताना नाही.”

“मग टोपली घेऊनच गाते की!”

तो व्हिडिओ मीच केला. गाणं छान रेकॉर्ड झालं. शूटिंगला ताई होडीत उभ्या राहिल्या आणि भलतीच अडचण आली. इतक्या पोरींना ओठ जुळवायला शिकवलेल्या ताईंचे ओठ स्वतःच्याच आवाजाशी जुळेनात. दर वेळी त्या नव्याने गात सुटायच्या; कुठे जास्त रेंगाळायच्या, कुठे वेगळीच हरकत घ्यायच्या. तिथलाच आवाज घ्यावा, तर तो घोगरा होत चाललेला. शेवटी जे होतं ते जोडलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नात त्यांना व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. मीही तिथेच होतो. “आजी गोड आहेत, पण आवाज दुसरीचा. ओठ बघा ना.” “खऱ्या गायिकेला का नाही दाखवलं?” गायिकेचं नाव व्हिडिओत मोठ्या अक्षरांत होतं, कोण वाचतं? नात अडखळली.

“वाच गं,” ताई म्हणाल्या. “आवाजाला नावं नाही ना ठेवली?”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

आता ताई गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात. तरी स्टुडिओत येतात. नवी मुलगी माईकपुढे उभी राहिली की मागून तिच्या पाठीवर तळवा ठेवतात. कुठे थांबायचं, कुठे छाती भरून घ्यायची, ते तळवा सांगतो. परवा मुलीच्या श्वासाआधी दुसरा एक श्वास रेकॉर्ड झाला, खरखरीत. आमच्या रेकॉर्डिस्टने विचारलं, “शेठ, कापू?”

“हात लावू नकोस,” म्हटलं.

ताईंना पंच्याहत्तरावं लागलं. त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराला त्या उत्तराचं भाषण करणार नाहीत. पण तो खरखरीत श्वास आमच्या गाण्यांत अजून पुष्कळ वर्षं असाच, मुलींच्या आधी, ऐकू येत राहो.