आजोबा बनियन का काढत नव्हते

सौसरला दर रविवारी आमच्याकडे न्हावी यायचा. तुमच्या आजोबांची दाढी झाली की तो त्यांना अंगणात पाटावर बसवून पाठ, छाती तेलाने चोळून द्यायचा. आठवडाभर संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या माणसाची ती एवढीच चैन. एका हिवाळ्यात आजोबा नुसती दाढी करून उठू लागले. न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला, मालक बनियनला हात लावू देत नाहीत.

शेवटी मी आजोबांनाच विचारलं. ते सुपारी कातरत होते. खाली बघतच म्हणाले, "छाती वाढून राहिली. डावीकडे गाठ लागते, दुखते. मी बाई होऊन राहिलो का वो?"

मला हसू आलं नाही. त्यांची मोठी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. आपल्यालाही तेच झालं असं ठरवून हा माणूस चार महिने गप्प होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढुर्ण्याला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती आणि काखा नीट तपासल्या. दारू पिता का, कावीळ झाली होती का, विचारलं. वयात येणाऱ्या मुलांना असं होतं, म्हणाले, उतारवयातही होतं, यकृत बिघडलं तर होतं, आणि काही औषधांनीही. मी शाळेत शिकवायची, हजेरीसारखी त्यांच्या औषधांचीही वही ठेवायची; ती ऐटीत पुढे केली. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्लपित्तावर दिलेली सिमेटिडिनची गोळी, दोन वेळा, रोज बरोबरची खूण. त्यांनी पानं उलटली, वहीत चिकटवलेली मूळ चिठ्ठी पाहिली.

"बाई, ही दीड महिन्यासाठी होती. तुम्ही वर्षभर दिली."

गुण येतोय म्हणून मीच दुकानातून आणत राहिले होते. कॅन्सर वाटत नाही, या गोळीनंच झालं असावं, ती बंद करा, तीन महिन्यांनी दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, "दुसऱ्या कोणाची बायको असती तं आठ दिवसांत गोळी द्यायची विसरली असती. मास्तरीण केली मी, भोगा आता."

उन्हाळ्यापर्यंत गाठ विरली. मग आजोबा ही गोष्ट बाजारात, पारावर, कोणालाही सांगू लागले. मी लाजून आत जायची. एका दुपारी मोहगावचे एक कास्तकार आले आणि भर उन्हात अंगावरची शाल आवळून ओसरीवर बसले. हळूच म्हणाले, भाऊ, मला बी दोन वर्षांपासून आहे, घरी माहीत नाही.

आजोबांनी मला चहा ठेवायला सांगितलं आणि चपला शोधू लागले.

"साडेतीनची पांढुर्ण्याची बस आहे," ते त्यांना म्हणाले. "मी येतो संगं."