काचवाल्याच्या मुलीची शाळा

गल्लीत त्याला सगळे ‘जपूनराव’ म्हणायचे. गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की याच्या तोंडून ‘जपून’ निघालंच. काचेच्या धंद्यात ते शोभूनही दिसायचं. पण घरीही त्याचं तेच. बायको चहाचं भांडं उचलायला गेली, जपून. मुलगी खुर्चीवरून उतरली, जपून. एकदा तर झोपेतही म्हणाला, तेव्हा बायकोने कूस बदलत विचारलं, “आता काय, उशीवरून पडेन?”

बायको बसमध्ये कंडक्टर होती. दिवसभर धक्के खात उभी राहायची आणि कुणाला भ्यायची नाही. त्यांची एकुलती एक मुलगी सहा वर्षांची, एका जागी क्षणभर टिकायची नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. तिला पहिलीत घालायची वेळ आली आणि जपूनराव भेटेल त्याला शाळांबद्दल विचारू लागला.

घराजवळ सरकारी शाळा होती, पाच मिनिटांच्या अंतरावर. मोठा रस्ता ओलांडला की खासगी शाळा. साडूची मुलगी खासगीत जात होती, त्यामुळे साडूला सगळंच ठाऊक.

“सरकारी शाळेत घालताय?” साडू म्हणाला. “एका वर्गात पन्नास पोरं. त्यात तुमची भिंगरी दिसेनाशी होईल. मोठी झाल्यावर तीच विचारेल, बाबा, तेव्हा तुम्ही काय करत होता?”

हे वाक्य त्याच्या मनात काचेच्या कणीसारखं रुतलं. दिसत नव्हतं, पण हात लावला की टोचायचं. त्याने खासगी शाळेचा अर्ज आणला, भरला. तो शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

“मी सरकारी शाळेतच शिकले,” बायको म्हणाली. “दिसेनाशी झाले का? माझा आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जातो. पण तुमचा जीव तिकडे ओढत असेल तर माझी ना नाही. फक्त दोन्ही शाळा डोळ्यांनी बघा.”

खासगी शाळा बघायची संधी आपसूकच आली. मंगळवारी तिथूनच निरोप आला: पहिलीच्या वर्गातलं एक तावदान तडकलंय, लगेच या.

फाटकावर त्याची सही घेतली, गळ्यात पाहुण्याचा बिल्ला अडकवला. फरशी अशी स्वच्छ की आपल्याच बुटांची लाज वाटावी. वर्गात बावीस मुलं आणि गोड आवाजाच्या बाई. तो मागच्या खिडकीशी बसून तडकलेली काच उतरवून नवी कापू लागला. वर्ग इतका शांत होता की काच कापायचा हिरा फिरवताना होणारी करकर त्याला स्वतःलाच मोठी वाटली. भिंतीवर तक्ता होता. प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढे रंगीत चांदण्या.

शेवटच्या बाकावर एक मुलगी गुडघे घट्ट आवळून बसली होती. एकदा ती बाईंकडे बघे, एकदा घड्याळाकडे, एकदा तक्त्याकडे. भिंगरी अशी बसली की काय हवं असतं ते बापाला न सांगता कळायचं. विचार ना, त्याने मनात म्हटलं. अगं विचार. पोरीने विचारलं नाही. थोड्या वेळाने बाकाखाली ओलं झालं.

कुणी हसलं नाही. बावीस मुलं, पण एकही फिसकलं नाही, एकानेही मान वळवली नाही. उलट सगळी आणखी ताठ बसली. तेच बघून जपूनरावाच्या अंगावर काटा आला.

बाई लगबगीने आल्या. “काही नाही हं बाळा, होतं असं,” म्हणत तिचा हात हळुवार धरला. आणि तिला बाहेर नेता नेता, त्याच हळुवार हाताने, तक्त्यावरची तिची एक चांदणी काढली.

जपूनरावाचा हिरा घसरला. काच वाकडी तुटली. किती वर्षांत असं झालं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग झालं की. सरकारी.”

“तीही बघू,” तो म्हणाला.

गुरुवारी भिंगरीचं बोट धरून तो सरकारी शाळेत गेला. फाटकाला कडी नव्हती, ते वाऱ्याने आपलं आपण उघडझाप करत होतं. गोंगाट तर बाहेरूनच ऐकू येत होता. मुख्याध्यापिकाबाई ओसरीत टेबल टाकून बसल्या होत्या.

“एका वर्गात किती मुलं असतात?” त्याने विचारलं.

“पहिलीत एक्कावन्न. एक बाई रजेवर आहेत, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्यात,” त्या सरळ म्हणाल्या.

एक्कावन्न ऐकून त्याने भिंगरीचं बोट घट्ट धरायला मूठ आवळली. मग त्याच्या लक्षात आलं, हातात बोट नाही.

मागे वळला. भिंगरी नव्हती. टेबलामागे नव्हती, जिन्याखाली नव्हती. तेवढ्यात घंटा झाली आणि दहा दारांमधून पोरांचा लोंढा पटांगणात आला. सगळी एकाच रंगाच्या गणवेशात. पिवळा फ्रॉक कुठेच दिसेना. त्याची नजर फाटकाकडे गेली. ते सताड उघडं होतं आणि पलीकडून एक ट्रक धडधडत गेला.

त्याने हाक मारली, ती गोंगाटात विरली. फाटकापर्यंत तो पळाला की सरपटला, त्याचं त्यालाही आठवत नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणी नाही म्हणजे काय समजायचं, तेही कळेना. मन चिंती ते वैरी न चिंती, तसं त्याच्या मनाने त्या दोन मिनिटांत नाही नाही ते बघून घेतलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बाक ओढून फाटकाला लावलं आणि पोरांना ओरडून सांगितलं, “पिवळा फ्रॉक! छोटी मुलगी! शोधा!” हाक पटांगणभर पसरली. “पिवळा फ्रॉक, पिवळा फ्रॉक!” आणि कोपऱ्यातल्या खोलीतून कुणीतरी उत्तर दिलं, “इथे आहे!”

भिंगरी शेवटच्या बाकावर तीन मुलींमध्ये दाटीवाटीने बसली होती आणि खडूवरून भांडत होती. घंटेआधी पाणी पिऊन वर्गात परतणाऱ्या पहिलीच्या रांगेत ती सहज शिरली होती, आणि पहिलीची सुट्टी अजून व्हायची होती.

“मला वाटलं, नवीन आली असेल,” वर्गावरच्या बाई म्हणाल्या. त्यांची मान खाली गेली.

जपूनरावाने पोरीला असं कवटाळलं की ती ओरडली, “बाबा, दुखतंय!” त्याचा जीव भांड्यात पडला खरा, पण बाईंचं ते वाक्य काही त्याला सोडेना.

संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली. “इकडे आड, तिकडे विहीर,” तो म्हणाला. “तिथे पोरांवर इतके डोळे की पोरं श्वास घेत नाहीत. इथे पोरगी आली काय नि गेली काय, कुणाला पत्ता नाही.”

ती आता चिडवेल असं त्याला वाटलं. पण ती पायातली चप्पल तशीच ठेवून बसली.

“पहिलीत मी अख्खा महिना एक शब्द बोलले नव्हते,” ती म्हणाली. “कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी कधी सांगितलं नाही तुम्हाला. मलाही भीती वाटतेच हो.”

तिच्या तोंडून हे ऐकून त्याला दुप्पट भीती वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

“मग बोललीस कशी?” त्याने विचारलं.

“शेजारची मुलगी सारखी चिमटे काढायची. एक दिवस ओरडले. तिथून सुरू.”

ती हसली, तोही हसला. मग चप्पल काढता काढता ती म्हणाली, “गर्दीत हरवलेलं पोर शोधता येतं. ते तसं ताठ बसायला शिकलं, तर कुठे शोधायचं?”

शुक्रवारी अर्ज कपाटातच राहिला. जपूनराव पुन्हा सरकारी शाळेत गेला, एकटा.

“काल माझी मुलगी हरवली,” तो म्हणाला. “पुन्हा असं होणार नाही, एवढं सांगा.”

“तसं सांगितलं तर खोटं होईल,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “फाटकाला कडी बसवून घेते. पण शिक्षक वाढवून मागते आहे, त्याला दोन वर्षं झाली. माझं एकटीचं कोण ऐकतं? पालक शिक्षण कार्यालयात जाऊन विचारत नाहीत. तुम्ही विचारत राहाल?”

मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचं या विचारानेच त्याला घाम फुटला. “राहीन,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी पुन्हा विचारलं.

आणि तो खरंच विचारत राहिला. दर पंधरवड्याला कठडा धरून शिक्षण कार्यालयाच्या पायऱ्या चढायचा. आधी तो एकटा होता, मग बायको सुट्टीच्या दिवशी येऊ लागली, मग आणखी सात-आठ पालक. सहामाही परीक्षेनंतर पहिलीला आणखी एक बाई मिळाल्या. दरम्यान भिंगरीच्या डोक्यात दोनदा उवा झाल्या, आणि पटांगणात पडून तिचा समोरचा दात गेला. शाळेतून फोन आला तेव्हा तो दुकान उघडंच टाकून पळाला. बेरजा तिला अजून जमत नव्हत्या. वाचायला मात्र यायला लागलं, आणि ती दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत चालायची.

“बरं चाललंय का तिथे?” साडूने एकदा विचारलं.

“चाललंय. भीती वाटते.”

साडू इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, “आमच्या पोरीचं रोज सकाळी पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही.”

जपूनरावाने साडूला बसायला स्टूल दिलं.

आता भिंगरी दुसरीत आहे. मैत्रिणींबरोबर चालत जाते, बापाला येऊ देत नाही. तो दुकानाच्या दारात उभा राहतो. वळणामुळे तिथून शाळा दिसत नाही. तरी तो तिकडे बघत राहतो, आणि गिऱ्हाईक आलं की आत जातो.