बरणीतली पांढरी वाळू

रांगोळी चिमटीत धरली की कारेगावच्या त्या बाई आठवतात. त्यांच्याकडे मी धुणंभांडी करायचे. लग्नानंतर त्या साहेबांबरोबर अंदमानला जाऊन आल्या होत्या. "तिथलं एक चिमुकलं बेट, चारी बाजूंनी निळं पाणी! पूर्वी तिकडं कैद्यांना नेत, आता लोक हौसेनं जातात," असं त्या सांगायच्या. पाडव्याला त्यांनी मला दारात रांगोळी काढायला सांगितली. डबा रिकामा होता, पण शोकेसमध्ये काचेच्या बरणीत पांढरंशुभ्र काही दिसलं. मोठ्या घरची माणसं रांगोळीही काचेत ठेवत असतील, असं वाटलं, विचारायला लाजले. जरा जाड लागली, तरी मी मोठं कमळ काढून त्यात कुंकू भरलं. साहेब हसतच सुटले, "अगं, तुझं अंदमान उंबऱ्यात आलं बघ!" बाई हसल्या नाहीत. त्या बेटावरची वाळू त्यांनी जपून आणली होती. "मी परत भरते, बाई," म्हणत मी वाकले. "राहू दे," म्हणून त्यांनीच ती बोटांनी गोळा केली. कुंकू काही निघालं नाही. ती गुलाबी झालेली बरणी पुढं रोज मीच पुसायचे, मान खाली घालून. आज स्वतःच्या घरातसुद्धा डबा उघडण्याआधी मी सुनेला विचारते, "ही रांगोळीच हाय ना?" ती हसते. का विचारते, ते तिला कधी सांगवलं नाही.