रुतलेलं चाक आणि आमचे दाजी

कृष्णाकाठच्या काळ्या रानात रुतलेलं चाक बाहेर काढण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस ब्रह्मदेवानं घडवलेला नाही. आणि घडवला असलाच, तर तोही कुठंतरी रुतून दाजींची वाट बघत बसला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सांगलीकडच्या एका खेड्यात उसाची शेती आणि एक जुना ट्रॅक्टर, एवढा त्यांचा संसार. पण रान कुणाचंही असो, दिसलं की हे चपला काढून काखेत मारणार, टाच रोवून बघणार आणि मूठभर माती उचलून तिचा लाडू वळणार. लाडू फुटला तर ‘चाक धरतंय’, आणि बोटांना चिकटला तर ‘आज न्हाई’. धाकट्या बहिणीचं स्थळ बघायला आम्ही पाटणला गेलो तेव्हा सगळे पोह्यांवर बसलेले आणि हे घरामागच्या रानात गडप. परतले ते चिखलाच्या हातांनी. “निचऱ्याची जमीन हाय. द्या पोरगी,” म्हणाले. मुलाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पोरगी दिली, आणि ती सुखात आहे, हे मला कबूल करावंच लागतं.

मी साताऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचो, म्हणून माझी तर ते हटकून परीक्षा घेत. “पाव्हणं, पोरास्नी घर्षाण शिकवता न्हवं? मग चाक रुततं का, सांगा.” मी पुस्तकातलं सांगायचो आणि ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकायचे. “आवं, चाक फुडं जातंय म्हंजी जिमिनीला मागं रेटतंय. जिमीन घट आसंल तर ती रेटा सोसती. मऊ आसंल तर तीच मागं जाती की! मग तुमी जेवढी रेस कराल तेवढा खड्डा.” माझ्या घर्षणाच्या धड्यात हे नव्हतं. एकदा विट्याचे एक गृहस्थ, परमुलखात सोनं गाळण्याचा धंदा करणारे, नवी कोरी मोटार घेऊन गावच्या बारशाला आले आणि ती ओल्या रानात घालून बसले. दहा माणसं मागून ढकलताहेत, चिखलाचं शिंपण चाललंय, गाडी जागची हलेना. दाजी आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, “वडणारी चाकं फुडं हायती. वजान फुडं पायजे.” आणि त्या गृहस्थांना, गळ्यातल्या साखळीसकट, त्यांनी बॉनेटवर बसवलं. दोन बाजूंना दोन मेहुणे. गाडी हळूच वर आली आणि गृहस्थ गणपतीसारखे मिरवत गावात शिरले.

हसायचो आम्ही. मीही हसायचो. मग नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीत आक्काला साप चावला. भर दुपारी, बांधावर गवत कापताना. दाजींनी आणि मी तिला उचलून ट्रॉलीत झोपवलं. डांबरी रस्ता दोन शेतं पलीकडं, आणि पाटाचं पाणी फुटून मधली वाट सगळी भिजलेली. निम्म्यात ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच फिरली. मी ओरडलो, “रेस करा!” दाजींनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि एका खिळ्यानं व्हॉल्व्ह दाबून मागच्या चाकांतली हवा सोडायला लागले.

माझा तोल गेला. “आवं, येड लागलं का तुमास्नी? ती मराय लागलीय आन् हवा काय सोडताय?” त्यानंतर मी ज्या शिव्या दिल्या त्या शास्त्राच्या मास्तरला शोभणाऱ्या नव्हत्या. दाजींनी मान वर केली नाही. “चाक पसरू द्या, पाव्हणं. जिमिनीवर बसाय त्येला जागा पायजे. आता रेस केली तर आक्सलापतूर जाईल, मग सांजपतूर निघत न्हाई. पाचट आना.” मी बांधावरचं उसाचं पाचट ओढून आणलं, त्यांनी ते चाकांपुढं अंथरलं. मऊ पडलेले टायर चिखलावर बसक्या म्हशीसारखे फतकल मारून बसले होते. दाजींनी सगळ्यात खालचा गिअर टाकला आणि इंजिन जेमतेम गुरगुरत ठेवलं. ट्रॅक्टर सरकला. मुंगीच्या पावलानं, पण कुठंही न थांबता आम्ही डांबरीवर आलो.

आता नुसतं सरळ जायचं होतं. दाजींनी ब्रेक दाबला. त्यांना स्टिअरिंगसुद्धा धरवेना. “हितनं फुडं तुमी घ्या,” ते म्हणाले. “माज्यानं न्हाई हुयाचं.” सुट्टीत त्यांनीच मला ट्रॅक्टर शिकवला होता. मी चालवत राहिलो आणि ते मागं ट्रॉलीत आक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. संध्याकाळी ते बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, धोका टळला. मी व्हरांड्यात गेलो. दाजी पायरीवर बसले होते, पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडलेला.

“वाचली न्हवं?”

“व्हय, दाजी.”

त्यांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि लहान पोरासारखे रडले. मी शेजारी बसलो, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. या माणसाला मी तोंडाला येईल ते बोललो होतो, आणि त्यातल्या एकाही शब्दाची माफी मागायचं त्या वेळी मला सुचलं नाही. नंतर कितीदा गेलो, जेवलो, हसलो. पण ती माफी मागायची राहिलीच.