कुठेही न बांधलेली तार

"आधी आवाज, मग पाणी." भोंगामावशी हे दिवसातून किती वेळा म्हणे, याला गणती नव्हती. सुनेच्या खोलीत शिरण्याआधी ती कडी वाजवी आणि हे म्हणे. मोरीत बादली ओतण्याआधी खाकरे आणि हे म्हणे. नवी नवरी होऊन आलेल्या सुनेला पहिल्यांदा वाटलं, सासूबाईंच्या डोक्यात थोडा वारा शिरलाय. मग एका सकाळी ती त्यांच्यामागून बंधाऱ्यावर गेली, आणि तिला कळलं.

बंधाऱ्याखाली नदीचं पात्र कोरडं पडलेलं असे. मोठाले पांढरे दगड, त्यांवर वाळत घातलेली धुणी, आणि पुढे जिथे पात्र डोंगराआड वळतं तिथे कायमचं धुकं. बंधाऱ्याचं दार उघडायचं झालं की भोंगामावशी आधी हाताने भोंगा फिरवी. त्याचा आवाज पात्रात उतरे, दगडांवरून सरपटत वळणापर्यंत जाई. खालची माणसं कपडे गोळा करून काठावर चढत. पात्र रिकामं होई. तरी ती दाराच्या चाकाला हात लावत नसे. कानामागे तळवा धरून वळणाकडे बघत राही. मग एकदम मान डोलवी आणि चाक फिरवायला घेई.

"कशाची वाट बघता हो आई?" सुनेने विचारलं होतं.

"हो म्हणायची."

"कोण म्हणतं?"

"तुझी आत्तेसासू," ती म्हणाली, जणू आत्तेसासू शेजारच्या गल्लीत राहत असावी.

आत्तेसासू म्हणजे भोंगामावशीची नणंद. पूर्वी वळणावर तीच उभी राहायची. वळणापलीकडची माणसं वर चढली की हाताचा कर्णा करून "होऽ" अशी आरोळी द्यायची. दारावर तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे मावशीचा नवरा होता. एके दिवशी त्याने भोंगा वाजवला आणि आरोळीची वाट न बघताच चाक फिरवलं. नणंद एका म्हातारीला वर ढकलत होती. म्हातारी वाचली. नणंद सापडलीच नाही. त्या माणसाने पुन्हा चाकाला हात लावला नाही, आणि चाक बायकोच्या हाती आलं. तेव्हापासून "होऽ" ऐकल्याशिवाय तिने पाण्याचा थेंब सोडला नव्हता, आणि त्या पात्रात कुणाचा जीव गेला नव्हता. बाकी कुणाला ती आरोळी ऐकू येत नसे. सुनेआधी तिला विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

मग पाटबंधारे खात्याचे साहेब आले. तरुण, नम्र, चिखलात बूट घालून उतरणारे. दाराला मोटर बसणार होती, भोंगा विजेवर चालणार होता. "भोंगा झाला की यंत्र थोडं थांबेल आणि दार उघडेल, मावशी. तुमचे हात दुखायचे थांबतील."

"खाली कुणी राहिलं नाही, हे त्याला कोण सांगणार?"

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "वळणावर एक बटण बसवता येईल. तिथली धुणंवाली पात्र बघून बटण दाबेल, तेव्हाच दार हलेल. पण तसा प्रोग्राम लिहायला हवा."

"मी लिहिते," भोंगामावशी म्हणाली. साहेब हसले नाहीत, हे सुनेला फार आवडलं. "घरी टेबलावर करून दाखवा," ते म्हणाले, "मग इथे बसवू."

सून कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. तिने लॅपटॉप आणला, प्रोग्राम चालवणारी तळहाताएवढी एक हिरवी पट्टी आणली, तारा, एक पिटुकला भोंगा आणि एक दिवा. दिवा म्हणजे पाणी. मावशीने एका बोटाने अक्षरं शोधत पहिल्या ओळी लिहिल्या आणि पडद्यावर लाल पट्टा आला.

"का रागावला हा?"

"ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला."

"एवढ्याशा टिकलीसाठी अडून बसलाय! माझ्या सासूचा पुनर्जन्म दिसतोय."

"आणि माझ्या सासूचं काय?"

"तुझी सासू देवमाणूस आहे. दे तो अर्धविराम."

पण यंत्र ओळी वरून खाली, एकामागून एक वाचतं, हे ऐकल्यावर तिचे डोळे चमकले. "म्हणजे आधी आवाज, मग पाणी! हे तर आपल्यातलंच निघालं." ती पुसायची, लिहायची, तार उपटून दुसरीकडे खोचायची. चुकलं की हाताच्या पाठीने कपाळ पुसून पुन्हा बसायची. असं करत करत एका दुपारी तिने उत्तराची वाट बघणाऱ्या ओळीही लिहिल्या: बटणाकडून "हो" आलं, तरच दिवा.

बटण जोडायचं होतं. वळण लांब असतं म्हणून तिने पट्टीपासून लांबलचक तार मागच्या खोलीत नेली आणि टोक खिडकीखाली फरशीवर टाकलं. बटण आणायला सून उठली, तेवढ्यात मावशीने प्रोग्राम चालू करून पाहिला. भोंगा वाजला. थांबला. घर गप्प झालं.

आणि दिवा लागला.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. खिडकी बंद होती. तारेचं टोक फरशीवर जसंच्या तसं पडलं होतं.

"आली," भोंगामावशी हळूच म्हणाली.

सुनेने पुन्हा चालू केलं. भोंगा, शांतता, दिवा. तिसऱ्यांदा दिवा जरा थांबला, मिणमिणला, मग लागला. कुणीतरी धावत, धापा टाकत वळणावर पोचावं तसा. सुनेच्या अंगावर काटा आला. तिला कारण ठाऊक होतं, तरी आला.

"आई, ही तार कुठेही बांधलेली नाही," ती म्हणाली. "अशी तार गप्प बसत नाही. भिंतीतली वीज, आपला हात, हवेतलं काहीही पकडते आणि यंत्राला वाटतं, हो आलं. तिला जमिनीच्या तारेशी बांधायला हवं, मधे वीज रोखणारा एक रेझिस्टर घालून. मग बटण दाबल्याशिवाय ती बोलणार नाही."

"हवेतलं काहीही म्हणजे तीसुद्धा की."

सून रेझिस्टर आणायला उठली.

भोंगामावशीने तार बांधू दिली नाही. सून क्लासातून परत येई तेव्हा सासू टेबलाशी बसलेली असे, त्या दिव्याशी बोलत. "धुणं उचललंस का? म्हातारी चढली का वर?" दिवा लागे. तिचा चेहरा त्या उजेडात मऊ होई. सून दारातच थबके. आपल्याच घरात पाय टाकायला तिला कसंसंच होई. साहेबांचा निरोप आला होता: मोटर बसली, प्रोग्राम आणा. आणि तार अजून मोकळीच होती. असाच प्रोग्राम दारावर चढला, तर पात्रात माणसं असतानाही कधीतरी "हो" येणार होतं.

"आई, तिला एकदा असं काहीतरी विचारा," सून शेवटी म्हणाली, "ज्याला ती कधीच हो म्हणणार नाही."

भोंगामावशीने खुर्ची टेबलाशी ओढली. मग तिने भोंगा वाजवला आणि दिव्याकडे वाकून, बाळाला विचारावं तशा आवाजात विचारलं, "मी खाली उभी आहे गं. सोडू का पाणी?"

दिवा लागला. लख्ख.

मावशीने हात मागे घेतला. "ही ती नव्हे," ती म्हणाली. "आण तो तुझा रेझिस्टर." आणि स्वतःच्या हाताने तिने तार बांधली. मग भोंगा वाजवून त्या दोघी वाट बघत राहिल्या. दिवा लागला नाही. संध्याकाळ टेबलावर उतरली, तरी नाही.

चाचणीच्या सकाळी पात्र धुक्याने भरलं होतं. वळणावर बटण बसलं होतं. खाली आज कुणालाच सोडलं नव्हतं, धुणंवालीलाही नाही.

"बटण मी दाबणार," भोंगामावशी म्हणाली. "पात्रातून चालत जाणार. मी मध्यावर पोचले की चालू कर."

"मोटरची वीज काढून ठेवतो," साहेब घाईने म्हणाले.

"राहू द्या. खरं दार, खरं पाणी. चुकलं असेल तर माझ्यावरच चुकू दे. बाहेरच्या कुणावर नको." मग सुनेकडे वळून, "सूनबाई, रडायचं ते नंतर. आधी आवाज."

ती दगडांवरून उतरली. ती मध्यावर पोचल्यावर सुनेने प्रोग्राम चालू केला. दुसरा हात तिने वीज तोडायच्या खटक्यावर ठेवला होता. भोंगा गरजला, पात्रात उतरला, वळणापाशी जाऊन विरला.

मग, त्या शांततेत, धुक्याच्या आतून आवाज आला.

"होऽ"

साहेबांनी दचकून मान वर केली. "तिकडे कोण आहे?"

"कुणी नाही," सून म्हणाली. सासू अजून मध्यावरच होती, पाठमोरी, आणि तो आवाज तिचा नव्हता. सुनेने मोटरवरच्या दिव्याकडे पाहिलं. तो विझलेला होता. दार हललं नव्हतं. बांधलेली तार गप्प होती.

पात्रात भोंगामावशी थबकली. तिने कानामागे तळवा धरला, मान डोलवली, आणि कुणाला तरी थांब, मी अजून खाली आहे म्हणावं तसा हात वर केला. मग बटणाच्या दिशेने, त्या आवाजाच्या दिशेने, एकेक दगड पार करत ती चालत राहिली. सून खटक्यावरचा हात न काढता बघत होती, साहेब टोपी हातात घेऊन बघत होते, आणि धुकं त्या पांढऱ्या डोक्याभोवती हळूहळू मिटत गेलं.