नंदादीप आणि उलटा पंखा

नव्वदीच्या दशकात सून घरी संगणकावर टंकलेखनाची कामे घेऊ लागली, तेव्हा औंधच्या आमच्या घरात त्या यंत्रासाठी देवघरालगतचा कोपराच तेवढा रिकामा होता. यंत्राच्या पाठीशी दोन पंखे होते, एक वर, एक खाली. दोन्ही आतली उष्ण हवा बाहेर फेकत. खालच्याचा झोत नेमका नंदादीपावर येई आणि अखंड तेवावयाचा तो दीप दिवसातून तीनदा मालवे.

देवापुढे यंत्राची ही मुजोरी मला सहन होईना. प्राण आणि अपान यांच्या गतीविषयी भाष्यकारांचे मतभेद मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावून दिले होते. वीतभर पंख्याची गती फिरवणे मला अवघड का वाटावे? सून बाजारात गेली असता मी चार स्क्रू काढले आणि पंखा उलटा बसवला. दीप स्थिर झाला. शिवाय यंत्राला आता देवघरातील पवित्र वायू मिळणार, याचे समाधान वेगळेच.

संध्याकाळपासून यंत्र दर अर्ध्या तासाने बंद पडू लागले. उंब्रजच्या एका शाळेच्या प्रश्नपत्रिका शनिवारी सकाळी पोचवण्याचे सुनेने कबूल केले होते; तिचे ते पहिलेच मोठे काम. आपल्याच हातून काही बिघडले असे वाटून ती रडवेली झाली. मी दोन दिवस जपाची संख्या वाढवली. खरे सांगून टाकणे त्याहून सोपे होते, हे मला कळत होते.

शुक्रवारी दुपारी कराडहून कारागीर आला. यंत्राच्या पाठीशी हात धरून त्याने अंदाज घेतला.

"आवं गुरुजी, वरचा पंखा गरम हवा भाईर टाकतोय आन खालचा तीच परत आत वढतोय. मग प्रोसेसर तापनारच की. ह्यो फिरवला कुनी?"

"मी तर हातही लावला नाही," सून म्हणाली.

"मी फिरवला."

मग दीपाची हकीकत सांगितली. प्राण-अपानाचा भाग वगळला. कारागिराने हसू दाबत पंखा सुलटा केला.

"मामंजी, मला म्हणाला असतात तर टेबल हातभर सरकवलं असतं."

हा उपाय कोणत्याही भाष्यात नसल्यामुळे मला सुचला नव्हता. आम्ही दोघांनी टेबल सरकवले आणि ती लगेच कामाला बसली. दिवेलागणीला तिने संस्कृतची प्रश्नपत्रिका तपासायला माझ्या हाती दिली. तीत एक चूक सापडली. मी पेन्सिलीने खूण केली आणि, आयुष्यात बहुधा प्रथमच, उपदेश न करता कागद परत दिला. शनिवारी पहिल्या गाडीने ती उंब्रजला गेली.